परदेशी सेमिस्टर: नाशिकरोड ते जर्मनी, पायरीपायरीने

मी जर्मनीत उतरले तो रविवार होता. वसतिगृहापर्यंत पोचायला संध्याकाळचे सात वाजले. शहरातलं एकही किराणा दुकान उघडं नव्हतं. पहिल्या रात्री जेवले काय, तर बॅगेतला चिवडा आणि नळाचं पाणी. रविवारी तिकडे दुकानं बंद असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी कुणाला विचारलंच नव्हतं.

आपल्याकडे गल्लीत नवा माणूस दिसला की चार जण थांबून विचारतात, "कुणाकडे आलात?" तिकडे तुम्ही नोटीसबोर्डासमोर अर्धा तास गोंधळून उभे राहिलात तरी कुणी विचारणार नाही. मदत भरपूर असते, पण ती मागावी लागते, आणि तीही आधी वेळ ठरवून. ठरवलेल्या वेळेला ते 'टेर्मीन' म्हणतात. विमानात एकच जर्मन शब्द पाठ करायचा असेल तर हा करा.

दर वर्षी मे महिन्यात ज्युनिअर मुलामुलींचे फोन यायला लागतात आणि मी तेच ते सांगत बसते. म्हणून एकदाच लिहून काढते आहे. हे एक-दोन सेमिस्टरच्या एक्स्चेंजसाठी आहे, पूर्ण एम.एस.साठी नाही.

१. आधी स्वतःच्या कॉलेजशी लेखी बोला

सगळे व्हिसापासून सुरुवात करतात. तुम्ही एच.ओ.डी.च्या केबिनपासून करा.

एक्स्चेंजला जाताना 'लर्निंग अ‍ॅग्रीमेंट' नावाचा कागद तयार होतो. तिथे कोणते विषय घेणार, त्यांचे क्रेडिट किती आणि परत आल्यावर ते इथल्या कोणत्या विषयांच्या जागी धरले जाणार, हे त्यात लिहायचं असतं. सह्या तीन: तुमची, इथल्या कॉलेजची, तिथल्या विद्यापीठाची. तिथले क्रेडिट युरोपातल्या सामाईक ईसीटीएस पद्धतीचे, म्हणजे पूर्ण सेमिस्टरला ३०, आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरलेलं. आपला हिशेब वेगळा आहे. त्यामुळे "ये तर परत, मग बघू" या वाक्यावर जाऊ नका. मी गेले. परत आल्यावर माझा एक विषय धरला गेला नाही आणि तो पेपर पुढच्या वर्षीच्या पेपरांबरोबर द्यावा लागला. केबिनमध्ये तोंडी 'हो' म्हणणारे सर तोवर दुसरीकडे गेले होते.

दुसरी गोष्ट कॅलेंडरची. जर्मनीचं हिवाळी सेमिस्टर ऑक्टोबर ते मार्च, उन्हाळी एप्रिल ते सप्टेंबर. प्रत्यक्ष वर्ग साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात आणि परीक्षा त्यानंतर. म्हणजे तुम्ही तिकडे परीक्षेला बसता तेव्हा इकडचं पुढचं सेमिस्टर सुरू होऊन गेलेलं असतं. इथला परीक्षेचा फॉर्म कोण भरणार, फी कोण भरणार, हजेरीचं काय, हे निघायच्या आधी ठरवा. आपली बरीच कॉलेजं पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत, तेव्हा ट्रान्स्क्रिप्टसारखे (सगळ्या विषयांच्या गुणांचा अधिकृत उतारा) कागद कॉलेजच्या खिडकीत मिळत नाहीत, पुण्याहून येतात. त्यासाठी हातात वेळ ठेवा.

२. व्हिसा, पैसे, विमा

मुक्काम ९० दिवसांपेक्षा जास्त असेल तर फिरायला जाण्याचा शेंगेन व्हिसा चालत नाही, 'नॅशनल व्हिसा' लागतो. त्याची फी ७५ युरो, ती रुपयांत भरायची. बोटांचे ठसे द्यायला मला मुंबई गाठावी लागली. सकाळची वेळ मिळाली असेल तर आदल्या दिवशीच जा. कसारा घाटात ट्रक आडवा झाला ही सबब तिथे चालत नाही.

फाइलमध्ये काय हवं:

- पासपोर्ट, परतायच्या तारखेनंतरही पुरेसा वैध
- तिथल्या विद्यापीठाचं प्रवेशपत्र आणि एक्स्चेंजचं पत्र
- इथल्या कॉलेजचं बोनाफाइड आणि आतापर्यंतच्या गुणपत्रिका
- खर्चाची सोय दाखवणारा कागद: ब्लॉक्ड अकाउंट किंवा स्कॉलरशिपचं पत्र
- आरोग्य विम्याचा कागद
- राहण्याच्या जागेचं पत्र, मिळालं असेल तर
- नियमात बसणारे फोटो, प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स

ब्लॉक्ड अकाउंट म्हणजे पैसे तुमचेच, पण दर महिन्याला ठरावीक रक्कमच बाहेर पडणार. ती रक्कम महिना ९९२ युरो, वर्षाची ११,९०४, सहा महिन्यांची ५,९५२. हा आकडा सरकार अधूनमधून वाढवतं. पैसे पाठवायच्या दिवशी तो जर्मन वकिलातीच्या संकेतस्थळावर पुन्हा बघा. शंभर-दोनशे युरो कमी भरल्यामुळे फाइल अडकलेली मी पाहिली आहे.

आता आपल्या नावांचा घोळ. महाराष्ट्रातल्या बऱ्याच पासपोर्टांवर 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं नाव जोडून असतं. तिकडे ते दोन्ही मिळून तुमचं पहिलं नाव समजतात. चालेल, पण मग विमा, बँक, विद्यापीठ, भाडेकरार, सगळीकडे अक्षरशः तसंच येऊ द्या. एकीकडे वडिलांचं नाव आहे आणि दुसरीकडे नाही, असं झालं की संगणकाच्या दृष्टीने तुम्ही दोन माणसं होता.

व्हिसा हातात पडला की आधी त्यावरची शेवटची तारीख बघा. ती परीक्षेच्या आधी संपत असेल तर तिकडे पोचल्याबरोबर परदेशी नागरिकांच्या कचेरीत मुदतवाढीसाठी टेर्मीन मागायची. ती मिळायलाच कधीकधी आठवडे जातात.

३. खोली

एक्स्चेंजच्या मुलांसाठी सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे श्टुडिरेंडनवेर्कचं वसतिगृह. ही विद्यार्थ्यांची राहण्याची आणि जेवणाची सोय बघणारी संस्था असते. प्रवेशपत्राची वाट न बघता, कॉलेजने तुमचं नाव पुढे पाठवलं त्याच आठवड्यात अर्ज करा.

बाहेर खोली बघत असाल तर एकच नियम: न पाहिलेल्या खोलीसाठी पैसे पाठवायचे नाहीत. "मी सध्या दुसऱ्या देशात आहे, डिपॉझिट भरा, चावी कुरिअरने पाठवतो" असं लिहिणारा माणूस चोर असतो. माझ्या बॅचच्या एका मुलाचे पाचशे युरो असेच गेले. खरा घरमालक डिपॉझिट घेतोच, कायद्याने ते तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत असू शकतं, पण तो आधी करार आणि खोली दाखवतो.

चावी देणारा हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल बघणारा माणूस, शनिवार-रविवार नसतो. तिकीट सोमवार ते गुरुवार सकाळी पोचेल असं काढा. माझी चावी मला दिलेल्या 'बडी' विद्यार्थिनीने शुक्रवारीच घेऊन ठेवली होती, नाहीतर रात्र स्टेशनवर काढावी लागली असती. विद्यापीठ असा बडी देऊ करत असेल तर लाजू नका, घ्या.

४. बॅगेत काय, काय नाही

युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे आजीने दिलेलं साजूक तूप आणि पेढे, दोन्ही नाही. ताजी द्राक्षं, ताजा कढीपत्ता यांनाही वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, म्हणजे व्यवहारात तेही नाही. अख्खं सुकं खोबरं विमानाच्या सामानात घेत नाहीत. गोडा मसाला, मेतकूट, तळलेला चिवडा, पापड, वाळवलेला कढीपत्ता, लोणचं (चेक-इन बॅगेत, तीन पिशव्यांत गुंडाळून) खुशाल न्या. डाळ-तांदूळ नेऊ नका, तिकडे मिळतात.

कुकर न्यायचा असेल तर स्टीलचा, इंडक्शनचा तळ असलेला. अ‍ॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनच्या शेगडीवर नुसता बसून राहतो.

आपल्या जाड तीन पिनांचा प्लग तिथल्या सॉकेटमध्ये जात नाही. मोबाइल चार्जरचा बारीक दोन पिनांचा बहुतेक वेळा जातो. एक अडॅप्टर आणि आपल्याकडची एक एक्स्टेन्शन बोर्ड एवढ्यात भागतं. चष्मा असेल तर दोन न्या. नेहमीची औषधं डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह.

आणि भारतीय सिम. ते बंद पडलं की बँकेचा ओटीपी येत नाही, आणि ओटीपी नाही म्हणजे स्वतःच्याच पैशांना हात लावता येत नाही. निघायच्या आधी इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घ्या आणि घरच्यांना रिचार्ज चुकवू नका म्हणून बजावून ठेवा. माझं सिम नोव्हेंबरमध्ये बंद पडलं. ते परत सुरू करायला बाबांना कॉलेज रोडवरच्या दुकानात तीन खेटे घालावे लागले.

५. पहिले दोन आठवडे: कागदांची साखळी

सगळ्यात जास्त रडू इथेच येतं. एकेक काम अवघड नसतं, पण प्रत्येक कागद आधीच्या कागदावर लटकलेला असतो. म्हणून क्रम मोडू नका.

पहिलं: खोलीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्त्याची नोंदणी करायची. तिला 'आनमेल्डुंग' म्हणतात. त्यासाठी पासपोर्ट, फॉर्म आणि घरमालकाचं "ही व्यक्ती माझ्याकडे राहते" असं सहीचं पत्र लागतं. या पत्राचं जर्मन नाव आपल्या पोस्टकार्डाच्या एका ओळीत मावणार नाही एवढं लांब आहे, म्हणून ते नाव लिहूनच घेऊन जा. भाडेकरार पुरत नाही. मी नुसता करार घेऊन गेले. खिडकीतल्या बाईंनी शांतपणे मान हलवली आणि पुढची टेर्मीन नऊ दिवसांनंतरची निघाली. नोंदणीची टेर्मीन नाशिकमध्ये बसूनच ऑनलाइन घेता आली तर घ्या.

दुसरं, याच दिवशी: पत्रपेटीवर आपलं आडनाव चिकटवा. हसू नका. तिकडे बँकेचं कार्ड, पिन, विम्याचं कार्ड, कर क्रमांक सगळं टपालाने येतं, आणि पोस्टमन फ्लॅट नंबर बघत नाही, पेटीवरचं नाव बघतो. नाव नसेल तर पत्र परत. माझं बँक कार्ड असंच माघारी गेलं, आणि मी दहा दिवस 'अजून कसं येत नाही' म्हणून बँकेला दोष देत होते.

तिसरं: विमा. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला सरकारमान्य विमा कंपनीचा विद्यार्थी दर मिळतो, महिना साधारण १४० ते १५० युरो. तुमचा विमा आहे हे ती कंपनी विद्यापीठाला परस्पर कळवते. ते कळल्याशिवाय विद्यापीठ तुमचं नाव पटावर घेत नाही. भारतातून स्वस्तातला प्रवासी विमा काढून "झालं काम" समजणारे इथे अडकतात.

चौथं: विद्यापीठातली नोंदणी. एक्स्चेंजला शिकवणीची फी नसते, पण सेमिस्टरची वर्गणी बहुधा भरावी लागते आणि बऱ्याच ठिकाणी तिच्यात बस-ट्रामचा पास येतो. ई-मेल खातं मिळालं की लगेच एदुरोम वायफाय जोडून घ्या. युरोपातल्या बहुतेक विद्यापीठांत तेच चालतं.

पाचवं: चालू खातं. ते उघडलं की त्याचा क्रमांक ब्लॉक्ड अकाउंटवाल्यांना कळवायचा. मग कुठे पहिले ९९२ युरो हातात येतात.

आता मागे वळून बघा: पैसे खात्यावर अडले, खातं नोंदणीवर, नोंदणी घरमालकाच्या पत्रावर. एवढ्यात तीन-चार आठवडे सहज जातात आणि भाडं मात्र पहिल्या तारखेला द्यायचंच असतं. म्हणून डिपॉझिट आणि एका महिन्याचा खर्च फॉरेक्स कार्डावर वेगळा ठेवा, आणि शंभर-दोनशे युरो रोख. कार्ड न घेणाऱ्या बेकऱ्या आणि छोटी दुकानं तिकडे अजून पुष्कळ आहेत.

अजून एक पत्र येईल, सार्वजनिक रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं. दर घरामागे महिना १८.३६ युरो. "माझ्याकडे टीव्ही नाही" हे कारण चालत नाही. फ्लॅटमध्ये चौघं असाल तर एकाने भरून वाटून घ्यायचं. हे पत्र फेकून दिलेल्या मुलाला पुढे दंडासकट आलं.

६. वर्ग आणि परीक्षा

वेळापत्रकात १०.०० च्या पुढे 'सी.टी.' असं लिहिलेलं असेल तर तास सव्वादहाला सुरू होतो. 'एस.टी.' असेल तर ठोक्याला. आपल्या लाल एस.टी.शी त्याचा काही संबंध नाही, उलटच आहे.

हजेरी बहुतेक व्याख्यानांना नसते. इंटर्नल नाही, सबमिशनसाठी मागे लागणारं कुणी नाही, डिफॉल्टर लिस्ट नाही. पहिला महिना स्वर्ग वाटतो. मग कळतं की सगळे गुण शेवटच्या एका परीक्षेवर आहेत, आणि त्या परीक्षेला वेगळी नोंदणी करावी लागते. हा सगळ्यात महागडा सापळा आहे. वर्गात चार महिने पहिल्या बाकावर बसलात आणि ऑनलाइन नोंदणीची तारीख चुकली, तर परीक्षेला बसता येत नाही. तारीख विभागागणिक बदलते. पहिल्याच आठवड्यात शोधून भिंतीवर लिहून ठेवा.

गुण उलटे असतात. १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास, ५.० नापास. बाबांना "एक पॉइंट सात मिळाले" म्हणून सांगितलं तर फोनवर बराच वेळ शांतता होती.

जुने पेपर हवे असतील तर विभागाच्या विद्यार्थी मंडळाकडे, 'फाखशाफ्ट'कडे जा. आपल्याकडच्या झेरॉक्सवाल्याचं काम तिकडे ते करतात. प्राध्यापकांना भेटायचं तर त्यांच्या भेटीच्या तासाला, ई-मेल करून. ई-मेलमध्ये 'रिस्पेक्टेड सर' नको, आडनावाने संबोधायचं, दोन ओळींत काय हवं ते, खाली आपला नोंदणी क्रमांक. वर्गात "मला समजलं नाही" म्हटलं तर कुणी हसत नाही. मला हे कळायला डिसेंबर उजाडला. तोवर मी आपल्या सवयीने मान डोलावत होते.

लर्निंग अ‍ॅग्रीमेंटमधला एखादा विषय ऐनवेळी इंग्रजीतून होत नाही असं निघतं. बदल करायची मुदत सेमिस्टरच्या सुरुवातीलाच असते. बदललात तर इथल्या कॉलेजची सही पुन्हा घ्या. पायरी एक आठवते ना?

नोकरीबद्दल सगळे विचारतात. वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करायची मुभा आहे. एका सेमिस्टरच्या मुलाने त्या भानगडीत पडू नये, असं माझं मत.

७. घर, कचरा, ट्राम

वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात दुसऱ्याच आठवड्यात मी मिसळीचा बेत केला. तर्रीसाठी तेल तापवलं, मिरची पडली, धूर झाला आणि छतावरचा धूर-गजर कोकलायला लागला. पाच मजल्यांची मुलं चपला घालून थंडीत खाली उभी. अग्निशामक दल आलं नाही हे नशीब, कारण विनाकारण आलं तर त्याचं बिल येऊ शकतं. तेव्हा फोडणी मंद आचेवर, खिडकी उघडी, एक्झॉस्ट चालू. गजरावर पिशवी बांधायची 'आयडिया' करू नका, ते बेकायदा आहे. मिसळ मात्र सगळ्यांनी खाल्ली, आणि माझ्या मजल्यावरच्या ओळखी त्या रात्रीच झाल्या.

रात्री दहा ते सकाळी सहा शांतता. रविवारी दिवसभरसुद्धा भिंतीत खिळा ठोकायचा नाही. किराणा शनिवारीच भरून ठेवा.

कचऱ्याचे डबे चार: कागद, वेष्टनं, ओला, उरलेला. काचेच्या बरण्या रंगाप्रमाणे रस्त्यावरच्या पिंपात. पाण्या-सरबताच्या बहुतेक प्लास्टिक बाटल्यांवर २५ सेंट अनामत असते, सुपरमार्केटच्या मशिनमध्ये टाकली की परत मिळते. आपल्या रद्दीवाल्यासारखंच, फक्त घासाघीस नाही.

ट्राममध्ये कंडक्टर नाही, दरवाजे उघडे. काही शहरांत कागदी तिकीट काढून ते छोट्या यंत्रात छापूनही घ्यावं लागतं. साध्या कपड्यातला तपासनीस आला आणि छाप नसेल, तर खिशात तिकीट असूनही ६० युरो. "नवीन आहे, माहीत नव्हतं" हे वाक्य तो रोज ऐकतो.

अडचणीला ११२, पोलिसांसाठी ११०.

८. नोव्हेंबर

निफाडचा पारा घसरला की आपल्याकडे पेपरात बातमी येते. त्या थंडीची सवय आहे असं मला वाटायचं. थंडीला कोट मिळतो, अंधाराला काही मिळत नाही. डिसेंबरात दुपारी चार-सव्वाचारला सूर्य मावळतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासाने मागे जातात आणि भारताशी साडेतीन तासांचं अंतर साडेचार होतं. आई रात्री साडेनऊला फोन घेऊन बसायची तेव्हा माझे पाच वाजलेले असायचे आणि बाहेर मिट्ट काळोख. दिवाळीत मी दोन दिवस खोलीतून बाहेर पडले नाही.

हे बहुतेकांचं होतं, साधारण चौथ्या-पाचव्या आठवड्यात, नवलाई ओसरली की. तेव्हा काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचा एखादा स्वस्त वर्ग ऑक्टोबरमध्येच लावा, जागा पटापट भरतात. भाषेची अदलाबदल करणारा जोडीदार शोधा, तुम्ही इंग्रजी द्या, तो जर्मन देईल. बऱ्याच विद्यापीठांत इरॅस्मस स्टुडंट नेटवर्कची शाखा असते, ती परदेशी मुलांच्या सहली काढते, आणि तिथे सगळेच तुमच्याइतके हरवलेले असतात. मराठी मुलं भेटली तर आनंदाने भेटा, पण रोजचा डबा त्यांच्यातच खाल्लात तर एका सेमिस्टरचं जर्मन 'हालो' (नमस्कार) आणि 'च्यूस'वर (येते) संपेल.

आठवडाभर झोप नाही, वर्गात जावंसं वाटत नाही, असं झालं तर श्टुडिरेंडनवेर्ककडे समुपदेशक असतात, बहुतेक ठिकाणी मोफत आणि इंग्रजीतही बोलणारे. मी गेले होते. दोन भेटींत बाईंनी फार काही सांगितलं नाही, फक्त दुपारच्या उजेडात रोज तासभर चालायला लावलं. घरी हे सांगितलं नव्हतं, आता सांगते आहे.

९. परत निघताना

नगर कार्यालयातून नाव काढून घ्या. जाण्याच्या आठवडाभर आधीपासून करता येतं. तो कागद दाखवून रेडिओची वर्गणीही बंद करून घ्या. विमा कंपनीला लेखी कळवा. मोबाइलचा प्लॅन पहिल्यापासून प्रीपेडच ठेवा, नाहीतर करार तुमच्या मागे नाशिकपर्यंत येतो. डिपॉझिट बऱ्याचदा काही आठवड्यांनी मिळतं, म्हणून बँक खातं ते येईपर्यंत बंद करू नका. खोली रंगाच्या डागापर्यंत तपासतात. आल्या दिवशी मोबाइलवर काढलेले फोटो तेव्हा कामी येतात, म्हणजे आल्या दिवशी ते काढा.

निकाल तुम्ही परतल्यावर लागतो. 'ट्रान्स्क्रिप्ट ऑफ रेकॉर्ड्स' कोण पाठवणार, कुणाच्या ई-मेलवर, हे तिथल्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात बसून त्यांच्याकडून लिहून घ्या. इथलं कॉलेज त्याशिवाय एकही क्रेडिट धरणार नाही.

भांडीकुंडी परत आणू नका. माझा तीन लिटरचा कुकर मी वरच्या मजल्यावरच्या साताऱ्याच्या मुलीला दिला, तिने पुढे कुणाला दिल्याचं कळलं होतं. शिट्टी थोडी अडकते, तेवढं सांभाळा.